पिंपाच्या तळाचा साका

हॉस्पिटलच्या धुलाई विभागात तिला सगळे बॉयलरबाई म्हणत. तळघरातला वाफेचा बॉयलर ती चालवायची म्हणून, असं तोंडावर सांगत. पाठीमागे कारण वेगळं असे. तिचा पारा चढायला फार काही लागत नसे. एखाद्या वॉर्डातून मळक्या चादरींच्या गठ्ठ्यात सुई तशीच राहून आली, की ती तो गठ्ठा काखोटीला मारून जिने चढून वर जाई आणि तिथल्या मुख्य नर्सच्या टेबलावर ठेवी. "ही कुणाच्या हातात घुसली असती तर त्याला काय सांगणार होतात?" एवढंच विचारी आणि उत्तरासाठी तिथेच ठाण मांडून उभी राही. उत्तर मिळत नसे ते नसेच. पण पुढे कितीतरी दिवस त्या वॉर्डातून सुई येत नसे. म्हणून रागाबद्दल तिचं मत चांगलं होतं. राग कामाला येतो, असं ती म्हणे.

नवऱ्याशी तिचं पटलं नव्हतं. तो एके दिवशी सामान घेऊन निघून गेला आणि जाताना दार धड लावूनही गेला नाही. तो गेल्यापेक्षा त्याने दार उघडं टाकल्याचाच तिला जास्त संताप होता. त्याला आता जमाना झाला. दोन खोल्या, एक बाल्कनी, भलं मोठं स्वयंपाकघर आणि ती, असा संसार सुखाने चालला होता.

तिची थोरली बहीण, ताई, म्हणजे दुसरं टोक. एका आईच्या पोटी जन्मलेल्या ह्या दोघी, ह्यावर लोकांचा विश्वास बसत नसे. ताईने औषधांच्या दुकानात जन्म काढला होता. मोजून, तोलून, पुसून, जागच्या जागी ठेवणारी बाई. आता तिच्या बोटांचे सांधे आखडले होते, बाटलीचं झाकण उघडायलाही दुसऱ्याचा हात लागे. पण कुरकुर नाही. कुणी पायावर पाय दिला तरी "जाऊ दे" म्हणून आपलाच पाय मागे घेणारी. हे "जाऊ दे" ऐकलं की बॉयलरबाईच्या मस्तकात तिडीक जाई.

आणि ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी. एका मोठ्या गोदामावर देखरेख करून निवृत्त झालेले. दारू-सिगारेटच्या नादी नाहीत, आवाज चढवणं नाही, उलट कुणाच्याही घरी गेले की बाह्या सरसावून कामाला लागणार. माळे आवरणार, नळाचे वायसर बदलणार, बरण्या घासून उन्हात पालथ्या घालणार. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं सगळं नातं एकमुखाने सांगे. ह्या सद्गृहस्थांनी आजवर ताईचं काय काय 'आवरून' टाकलं होतं ते बॉयलरबाईला ठाऊक होतं. ती एक-दोनदा त्यावर बोललीही होती. त्यातून ती भांडकुदळ ठरली आणि ताई सोशिक.

घरी बिअर करण्याचा नाद मूळचा ताईचा. नोकरी सुटल्यावर मोजायला-तोलायला काही उरलं नाही म्हणून तिने तो लावून घेतला. पण तिच्या घरी भाऊजींना वास चालत नव्हता, फरशीवर डाग चालत नव्हते. मग पिंपं, नळ्या, माल्टच्या, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूच्या, पिशव्या सगळं धाकटीच्या स्वयंपाकघरात आलं. हळूहळू धाकटीलाही गोडी लागली. उकळतं पाणी, वाफ, तापमान, हे तर तिच्या रोजच्या धंद्यातलंच. साधी बिअर दोघींना छान जमू लागली. मग त्यांना वाटलं, आता एक जबरी करावी. काळीभोर, कडक, महिनोन् महिने मुरवायची.

ती पहिली कडक बिअर फसली. माल्ट दुप्पट घातलं, यीस्ट मात्र नेहमीची एक पुडी. सुरुवातीला चार बुडबुडे आले आणि मग पिंप मुखस्तंभासारखं गप्प. महिन्याने चव घेतली तर गोड, जड, ओठांना चिकटणारी. भाऊजींना आयतंच कोलीत मिळालं. त्यानंतर घरात पाहुणा आला की ते म्हणत, "थांबा, आमच्या मेहुणीबाईंचं सरबत पाजतो तुम्हाला." दोन वर्षं हाच विनोद. लोक दोन वर्षं हसले. ताईसुद्धा हसायची. बॉयलरबाई हसली नाही.

"ह्या वेळी असं होणार नाही," ताई एका दुपारी म्हणाली. तिने कुठून कुठून वाचून काढलं होतं. "बिघडलं काय होतं सांगू? यीस्टच कमी पडलं. साखर खाऊन दारू तेच करतं. पण कडक बिअरमध्ये साखर इतकी, की मूठभर यीस्टला ती झेपत नाही."

"म्हणजे दोन बायकांना अख्ख्या हॉस्पिटलच्या चादरी धुवायला बसवलं."

"बरोबर. आणि धुता धुता त्यांना दारू पाजली. तीच दारू त्यांना आडवं करते."

"मग बायका वाढवू."

वाढवायची रीत ताईने ठरवली. आधी एक हलकी बिअर करायची. तिच्यात यीस्टला खायला भरपूर, सोसायला कमी. ते खाऊन-पिऊन वाढतं, आणि काम झालं की पिंपाच्या तळाला बसतं. वरची बिअर बाटल्यांत भरून घ्यायची आणि त्या तळाच्या साक्यावर कडक बिअरचा काढा, म्हणजे माल्ट उकळून काढलेलं गोड पाणी, ओतायचा. मग पुडीतल्या मूठभरांऐवजी कामाला फौज उभी.

तसंच केलं. हलकी बिअर सुरेख झाली. बाटल्या भरल्या, निम्म्या ताईच्या घरी गेल्या. पिंपाच्या तळाशी चुन्याच्या निवळीखाली बसावा तसा दाट, पिवळट पांढरा साका राहिला. ताईने तो टॉर्च मारून पाहिला आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर लहानपणीचं हसू आलं. साका सुकू नये म्हणून वर थोडी बिअर राहू दिली, झाकण घट्ट लावलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघी कडक बिअरसाठी माल्ट आणायला गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेल्या.

परतल्या तर जिन्यातच फिनेलचा वास आला.

अडीअडचणीला असावी म्हणून बॉयलरबाईच्या घराची एक किल्ली ताईकडे असे. ती घेऊन ताईला न्यायला भाऊजी लवकर आले होते, आणि रिकामं बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बाल्कनीत पिंप उन्हात पालथं घातलेलं होतं. भाऊजी हात पुसत उभे होते, चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"काय हो मेहुणीबाई, केवढा गाळ साठवून ठेवला होतात. तारेच्या घासणीने घासला तेव्हा कुठे निघाला."

बॉयलरबाईने माल्टची पिशवी खाली ठेवली. पिंप सुलटं केलं. आतून नुसते चरे. चऱ्यांत जंतू बसतात, म्हणजे पिंपही गेलं. मोरीशी जाऊन तिने जाळीकडे पाहिलं. फौज तिथून उतरून गेली होती, मागे फिनेल होतं.

"तो गाळ नव्हता," ती म्हणाली. "यीस्ट होतं. त्याच्यासाठीच एवढा खटाटोप केला होता आम्ही."

"अहो, चिखल होता तो. मी डोळ्यांनी पाहिला ना." मग तिचा चेहरा बघून ते जरा हसले. "बरं, असेल. पुडीत मिळतं ना ते? आणून देतो. त्यात काय एवढं."

"किल्ली द्या."

"काय?"

"माझ्या घराची किल्ली. इथे ठेवा."

भाऊजींनी ताईकडे पाहिलं. किल्ली ओट्यावर ठेवली. "चांगलं करायला जावं तर हे असं," ते म्हणाले. "मी मदतच केली ना?"

"जाऊ दे गं," ताई म्हणाली. "मुद्दाम नाही केलं त्यांनी."

झालं. आतापर्यंत बॉयलरबाईने वाफ धरून ठेवली होती. ती आता बहिणीकडे वळली.

"मुद्दाम केलं असतं ना ताई, तर एकदाच केलं असतं. माणूस पकडता आला असता. हे मुद्दाम करत नाहीत, म्हणून जन्मभर करताहेत. आणि तू दरवेळी त्यांच्यामागून फडकं घेऊन पुसत येतेस. तूही जा. दोघंही जा."

दोघं गेली. ताईने दार हलकेच लावून घेतलं.

पुढचे दिवस वाईट गेले. बॉयलरबाई कामावर वाफेचे वाल्व असे फिरवी की इस्त्रीवाल्या बायका एकमेकींकडे बघत. त्यांतली एक, तिची जुनी मैत्रीण, डब्याच्या सुट्टीत म्हणाली, "लोकांची घरंदारं जळतात, आणि तू पिंपातल्या गाळासाठी जीव जाळतेस?"

"गाळ म्हणू नकोस."

"बरं, नाही म्हणत. पण राग कुणावर आहे नक्की? त्यांच्यावर की बहिणीवर?"

 बॉयलरबाई डबा अर्धा टाकून उठली.

संध्याकाळी फोन सुरू झाले. आत्याचा आला. एवढ्या मोठ्या माणसाला घराबाहेर काढायचं, तेही साध्या भांडं घासण्यावरून? त्याचा हेतू तर चांगलाच होता. "आत्या," बॉयलरबाई म्हणाली, "तुझे ठेवणीतले कपडे काढ आणि पाठव त्यांच्याकडे. हेतू चांगला आहे, तारेची घासणीही आहे." आत्याने फोन आपटला. मग चुलतभावाचा आला, त्याने समजूत घालायला सुरुवात केली तशी तिनेच आपटला. गंमत अशी, की ज्याने पिंप धुतलं त्याला कुणीच फोन करत नव्हतं. समजूत घालायची ती चिडलेल्याची, असा सगळ्या घराण्याचा रिवाज होता.

तिने पुन्हा पुडीपासून सुरुवात करायचं ठरवलं, पण हात उठेना. बिअर करण्यातली मजा ताईच्या मोजमापात होती, हे तिला कळत होतं आणि त्याचाही राग येत होता.

बरेच दिवस गेल्यावर एका सकाळी दारात ताई उभी. एकटी. खांद्याला जड पिशवी, पट्ट्याने खांदा वाकलेला. आत येऊन तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि एकेक बाटली काढू लागली. हलक्या बिअरच्याच त्या बाटल्या. प्याली गेलेली बिअर, पण पुरती नाही. प्रत्येकीच्या बुडाशी बोटभर बिअर आणि तिच्याखाली कागदाएवढा पातळ पांढरा थर.

"बाटलीतसुद्धा थोडं खाली बसतं," ताई म्हणाली. "वरची हलक्या हाताने ओतून घेतली की राहतं."

बॉयलरबाईने एक बाटली उचलून पाहिली. "आणि त्यांनी धुतल्या नाहीत?"

"बाटली रिकामी दिसली की धुतातच. म्हणून ते फिरायला गेले की मी प्यायचे, आणि उरलेली शिलाई मशीनच्या खोक्यात लपवायचे. ह्या वयात रोज दुपारी एकटी बिअर पीत बसले होते मी. शेजारीण एकदा आली, तिला वास आला. काय म्हणाली असेल ती मनात."

बॉयलरबाईला हसू येत होतं. तिने ते येऊ दिलं नाही. रागावलेली होती ती अजून. पातेलं घेतलं, पाणी तापत ठेवलं आणि म्हणाली, "माल्ट किती?"

"थोडंच. पातळ हवं. आजारातून उठल्यासारखं आहे ते आत्ता, जड पचायचं नाही."

पातळ काढा उकळून निववला. बाटल्यांची तोंडं गॅसच्या ज्योतीवरून फिरवली आणि सगळ्यांच्या बुडाचं एका धुतलेल्या काचेच्या बरणीत ओतलं. वर काढा, तोंडावर सैल झाकण. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी कडेला बारीक फेसाची एक कड आली. बॉयलरबाई येता-जाता बरणी गोल फिरवून ठेवी, म्हणजे तळाचं वर येतं आणि त्याला हवा मिळते. ताई रोज बसने येऊ लागली. तीही दोन्ही तळव्यांत बरणी धरून जमेल तशी हलवी. बोलणं कामापुरतंच.

पाणी दुधाळ झालं तसं ते मोठ्या बरणीत नव्या काढ्यावर घातलं. तिथलं खाऊन झालं की फ्रिजमध्ये ठेवायचं, म्हणजे यीस्ट खाली बसतं. वरचं पाणी फेकायचं, खालचं राखायचं, पुन्हा नवा काढा, आणखी मोठी बरणी. थर बोटभर झाला तेव्हा बॉयलरबाई म्हणाली, "पुरे आता."

ताईने बरणी उजेडाकडे धरली. "अजून एकदा."

"किती वाढवशील?"

"मागे आपण एक पुडी पुरे म्हणालो होतो. त्यावरून दोन वर्षं 'सरबत' ऐकून घेतलं."

म्हणजे तिलाही लागत होतं तर. बॉयलरबाईने तिच्याकडे पाहिलं, पण ताई नव्या काढ्यासाठी माल्ट तोलत होती.

शेवटी कडक बिअरचा दिवस ठरला. नवं पिंप आणलं होतं. दोन्ही मोठी पातेली चुलीवर चढली, खिडक्यांवर वाफ धरली, घरभर भाजल्यासारखा गोड वास पसरला. यीस्टची बरणी फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवली होती, गारठा जायला. तळाला जाड थर, आणि काठाला आधीच्या फेसाची वाळकी पुटं. दुपार झाली असेल, बेल वाजली. ताईने दार उघडलं तर भाऊजी.

"भांडणं तरी किती दिवस ताणायची," ते आत येत म्हणाले. "मी काही मनात ठेवलेलं नाही. म्हटलं, उचल-ठेव करायला हात लागतील तुम्हाला." बॉयलरबाई चुलीपाशी होती, हातात लांब दांड्याचा चमचा. ती काही बोलायच्या आत भाऊजींनी ओट्यावर नजर फिरवली आणि त्यांच्या बाह्या आपोआप वर गेल्या. "अरे, ही बरणी बघा, कशी राप धरलेली. ती विसळून देतो, तोवर तुमचं चालू दे."

त्यांनी बरणी उचलली.

"खाली ठेवा," ताई म्हणाली.

"अगं, एका मिनिटाचं काम."

ते मोरीकडे वळले. ताई त्यांच्या आणि मोरीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. उलट नेहमीपेक्षा बारीक झाला होता.

"बरणी खाली ठेवा. आणि ऐका. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तुम्ही माझी रंगांची पेटी टाकून दिलीत. वाळून खडा झाले होते म्हणालात. पाण्याचे रंग वाळतातच. ब्रश ओला करून फिरवला की पुन्हा उठतात."

"रंगांची पेटी?" भाऊजी म्हणाले. "केव्हाची गोष्ट काढतेस तू?"

"गच्चीत मी गुलाबाची कलमं लावली होती. काटक्या म्हणून उपटलीत. खाली मुळं धरली होती त्यांनी, मी कचऱ्यातून काढून पाहिली. बाबा गेले त्या आठवड्यात त्यांचा चष्मा टाकलात, काच फुटकी म्हणून. मी घालणार नव्हते तो. मला नुसता ठेवायचा होता. आणि त्या दिवशी इथलं पिंप. दरवेळी तुम्हाला मेलेलं वाटतं आणि तुम्ही धुऊन टाकता. माझं आहे, मला विचारावं, असं एकदाही आलं नाही तुमच्या मनात."

"मग तेव्हाच बोलायचं होतंस. नवी पेटी आणली नसती का मी?"

"आणली असतीत. लगेच आणली असतीत. म्हणूनच बोलले नाही."

भाऊजी बरणी हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांना खरंच काही समजलेलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते पाहून बॉयलरबाईला आणखीच संताप आला. निदान समजून-उमजून तरी उभा असता हा माणूस. शेवटी त्यांनी बरणी ओट्यावर ठेवली, बाह्या खाली केल्या, बटणं लावली. "मी खाली बसतो," म्हणाले आणि गेले. रस्त्यापलीकडे सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानापुढे बाकडं होतं, तिथे जाऊन बसले. खिडकीतून दिसत होते.

बॉयलरबाईने कितीतरी वर्षं ह्या माणसासाठी शब्द जमवून ठेवले होते. त्यांतला एकही आता लागला नव्हता. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"इतकी वर्षं झोपा काढत होतीस का?" ती बहिणीला म्हणाली. "तुझा राग मी वाहिला. लोक मला भांडखोर म्हणाले, चुलतभाऊ बोलेनासा झाला, आत्या फोन आपटते. आणि तू आपली सोशिक."

ताई ओट्याला टेकली.  "तू भांडायचीस ना, मला वाटायचं, झालं. बोलून झालं. मला सुटल्यासारखं व्हायचं."

"मला नाही व्हायचं."

"ते मला नाही कळलं."

चुलीवरचा काढा वर येऊ लागला होता. बॉयलरबाईने पटकन आच कमी केली. मग दोघी कामाला लागल्या, कारण काढा काही कुणासाठी थांबत नाही. निववला, पिंपात ओतला. यीस्टला सुरुवातीला पोटभर हवा लागते, म्हणून पिंप हलवावं लागतं, चांगलं घुसळून निघेपर्यंत. ताईच्या हातांना ते जमण्यासारखं नव्हतं. बॉयलरबाईने पिंपाला मिठी घातली आणि हलवू लागली, दात-ओठ खाऊन, फरशी वाजेपर्यंत. खालच्या मजल्यावरच्याने छताला काठी ठोकली. तिने आणखी जोराने हलवलं. मग ताईने बरणीतलं सगळं यीस्ट, अगदी बोटाने निपटून, आत सोडलं.

सकाळी झाकण उडालेलं होतं. करडा-तपकिरी फेस पिंपाच्या अंगावरून ओघळून फरशीवर आला होता आणि भिंतीवर हातभर उंचीपर्यंत शिंतोडे होते.  बॉयलरबाईने ताईला फोन लावला. "उतू गेलंय," ती म्हणाली. पलीकडून ताईने विचारलं, "किती?" आणि बॉयलरबाईने भिंतीचं वर्णन करून सांगितलं, डाग न् डाग.

बिअर मुरायला पुढचा थंडीचा मोसम यावा लागला. मधल्या काळात ताईच्या घरात एक कपाट तिचं झालं. भाऊजींनी ते एकदा उघडून झटकलं, त्यावरून आठवडाभर भांडण झालं, ताई ह्या वेळी स्वतः भांडली आणि मग ते बंदच राहिलं. बॉयलरबाईला भाऊजींनी शब्दाने माफी मागितली नाही. तिने किल्ली दिली नाही.

बाटली उघडली तेव्हा तिघंही होती. काळीभोर, वर बदामी फेस, गोडवा नावालाच, आणि घोट गेला की छातीत ऊब उतरत जाई. भाऊजींनी दोन घोट घेतले, पेला उजेडात धरून पाहिला.

"कडू आहे," ते म्हणाले.

"हो," ताई म्हणाली आणि दोन्ही तळव्यांत बाटली धरून बहिणीचा पेला भरू लागली. बाटली डळमळत होती. भाऊजींचा हात मदतीला पुढे आला. मग मध्येच थांबला.

"धरू का?" त्यांनी विचारलं.

"नको," ताई म्हणाली.